लांबून काढलेली चित्रं

१

शाहूपुरीतल्या त्या गुळाच्या गोदामाची आर्ट गॅलरी झाली, तरी उन्हाळा लागला की मुंग्या यायच्याच. गूळ गेला, अडते गेले, भिंतींना पांढरा रंग लागला, छताला दिव्यांच्या पट्ट्या बसल्या. मुंग्यांना मात्र कुणी कळवलं नव्हतं. प्रसेनजीत मलकापूरकर रोज सकाळी शटर वर करायचा, ओल्या फडक्यानं मुंग्यांची रांग पुसायचा, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून चहा मागवायचा आणि कप हातात धरून सगळ्या चित्रांसमोरून एक सावकाश फेरी मारायचा. गॅलरी राजनंदिनीची, म्हणजे गोदाम तिच्या सासऱ्यांचं. पण भिंतीवर काय लागणार आणि कुठल्या उजेडात लागणार, हे ठरवायचा प्रसेनजीत.

विसरलेल्या चित्रकारांना शोधून काढायचं त्याला वेड होतं. कोल्हापूरच्या आसपास बसून ज्यांनी इम्प्रेशनिस्टांसारखं फटकाऱ्या-ठिपक्यांत ऊन पकडलं, किंवा प्रतीकवाद्यांसारखं साध्या बाभळीलाही गूढ करून ठेवलं, आणि ज्यांना नंतर कुत्र्यानंही विचारलं नाही, अशांची प्रदर्शनं तो भरवायचा. या खेपेचा चित्रकार होता जी. सखाराम. जलरंगातली चित्रं, काचेच्या फ्रेमा, रविवारी संध्याकाळी उद्घाटन. आठवडा हातात होता आणि सगळं टांगून झालं होतं, त्यामुळं गडी खुशीत होता.

'पाणवठा' हे त्यातलं सगळ्यांत देखणं चित्र. जवळ गेलं की नुसते फटकारे, एकाचा एकाशी संबंध नाही. मागं सरत गेलं की तळं दिसायचं, पाण्यावरचं ऊन दिसायचं, आणि मग बायका. उजवीकडची लाल लुगड्यातली, कमरेवर घागर घेतलेली बाई त्याची विशेष लाडकी. त्या सकाळी त्यानं नेहमीच्या जागी उभं राहून बघितलं, तर ती बाई लहान वाटली.

लहान म्हणजे फार नाही. पण चित्र जणू रात्रीतून थोडं मागं सरकलं होतं. काल दिवे बदलले, त्याचा परिणाम, असं म्हणून त्यानं चहा संपवला.

२

ही चित्रं आपल्याला जयसिंगपूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडं रद्दीत सापडली, असं त्यानं राजनंदिनीला सांगितलं होतं. पेपरवाल्यालाही तेच सांगितलं. गोष्ट इतकी छान जमली होती, की सांगता सांगता त्या सामानवाल्याला मिशासुद्धा फुटल्या होत्या.

खरी गोष्ट अशी, की चित्रं मलकापुरात एस.टी. स्टँडच्या मागं राहणाऱ्या आक्काताईनं दिली होती. आक्काताई त्याची सख्खी आत्या. आणि जी. सखाराम म्हणजे तिचे वडील, प्रसेनजीतचे आजोबा, गुंडू सखाराम कांबळे.

कांबळे हे आडनाव प्रसेनजीतनं मुंबईला चित्रकला शिकायला गेल्यावर काढून ठेवलं. गावावरून आडनाव लावणारे पुष्कळ असतात, त्यांत आपणही एक, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. नावाबद्दल कुणी चौकशी केलीच तर तो हसून म्हणायचा, "बंगाली वाटतं ना? आईला बंगाली सिनेमे आवडायचे." त्याच्या आईनं जन्मात एक बंगाली सिनेमा बघितला नव्हता. नाव ठेवलं होतं वडिलांनी, बुद्धाच्या काळातल्या एका राजाचं, आणि त्या दिवशी साऱ्या गल्लीत खीर वाटली होती. हे आठवलं की त्याचे कान गरम व्हायचे. मग तो विषय बदलायचा.

चित्रं आणायला गेला तेव्हा आक्काताईनं माळ्यावरून ती उतरवली. जुन्या लुगड्यांत गुंडाळलेली, एकेक सोडून तिनं कॉटवर मांडली.

"ह्ये काळं काय गं आत्या?" त्यानं विचारलं. बहुतेक चित्रांच्या डाव्या कडेला एक उभा काळा पट्टा होता.

"चौकट हाय ती दाराची," ती म्हणाली. "तुझ्या आज्याला चित्रं शिकायची लई हौस. पर मास्तर आत घेत न्हवतं. त्या वक्ताला आपल्या माणसांस्नी कोण घेनार? मास्तर वाईट न्हवता, शिकवायचं त्याच्या बी मनात व्हतं. मग ह्यानं उंबऱ्याभायेर बसायचं. आत पोरं काढायची, ह्यो दारातनं बघून काढायचा. तवापास्नं लांबनंच बघायची सवय लागली. पाण्यावरच्या बायका बी लांबनंच. जवळ गेला न्हाय कवा."

मग तिनं त्याचा हात धरला. "पशा, नाव तेवढं नीट लिव्ह. पुरं लिव्ह. गुंडू सखाराम कांबळे. एकडाव माझ्या बाऽचं पुरं नाव भिताडावर बघायचं हाय मला. दुसरं काय मागत न्हाय."

"लिहितो की आत्या," तो म्हणाला. म्हणताना त्याला ते खरंच वाटलं होतं.

३

भिंतीवर लागलं ते 'जी. सखाराम'. जुन्या काळी लोक असं लिहायचेच, असं एक कारण त्यानं स्वतःला देऊन टाकलं. दाराशी लावलेल्या माहितीच्या फलकावर त्यानं लिहिलं, की पॅरिसच्या चित्रकारांची छापील चित्रं पाहून सखाराम यांनी ही दूरत्वाची शैली आत्मसात केली असावी, आणि काळा उभा पट्टा हे मृत्यूचं प्रतीक असावं. उंबऱ्याबाहेर बसवलेल्या पोराला त्यानं अशा रीतीनं थेट फ्रान्सला पाठवून दिलं.

लाज वाटत नव्हती असं नाही. फलक लावताना तर त्याला वर बघवेना. पण हे सगळं खरं लिहिलं, तर उद्या कुणीतरी विचारणार, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही त्यांचे कोण? आणि मग इतक्या वर्षांचं मलकापूरकर, बंगाली सिनेमे, सगळंच उघडं पडणार. राजनंदिनीला कुणाच्या जातीचं काही पडलेलं नव्हतं, असं त्याला वाटायचं. फक्त ते तपासून बघायचं धाडस त्याला कधी झालं नव्हतं.

मंगळवारी त्यानं फोनमधला 'पाणवठ्या'चा जुना फोटो काढला आणि चित्राशेजारी धरला. फोटोतली लाल बाई चित्राच्या खालच्या काठापासून अर्ध्यापर्यंत उंच होती. भिंतीवरची तिच्या निम्मी पण नव्हती. तळंही मागं गेलं होतं. पुढं नुसतीच जमीन वाढली होती, पिवळसर, मोकळी, चालून जावं लागेल अशी.

फोटो जवळून काढला असेल, लेन्सनं फरक पडतो, काचेच्या आतला कागद आक्रसला असेल. कागद आक्रसला तर सगळंच आक्रसेल, एकट्या बायका कशा आक्रसतील, हा प्रश्न त्यानं मनात येऊ दिला आणि तसाच जाऊ दिला. शेजारचं चित्र त्यानं बघितलं नाही. त्याच्या पुढचंही नाही.

४

बुधवारपासून त्याला हॉल लांब वाटायला लागला.

ऑफिसच्या टेबलापासून 'पाणवठ्या'पर्यंत रोजचं जाणं-येणं. पाय सरावलेले. पण आता मधेच त्याच्या लक्षात यायचं, की आपण अजून चालतोच आहोत. पोचला की मागं वळून बघायचा, तर टेबल जिथल्या तिथं. दमल्यासारखं होतंय, बी.पी. बघून घ्यायला पाहिजे, असं त्यानं ठरवलं.

राजनंदिनी आमंत्रणांचं बघायला आली होती. तो तिच्या समोर, टेबलाच्या या बाजूला उभा राहून दिव्यांविषयी बोलत होता. तिनं मान वाकडी केली.

"प्रसेन, जरा मोठ्यानं बोल की. तू काय रस्त्यावरनं बोलतोयस व्हय?"

"इथंच तर आहे."

"ते दिसतंय रे. आवाज तसा येतोय." ती हसली. "सर्दी झालीय का? आलं घालून चहा घे. रविवारी तुलाच बोलायचंय."

ती गेल्यावर तो खुर्चीत बसून राहिला. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन रणरणत होतं, शाहूपुरीतला टेम्पोंचा गोंगाट चालू होता. त्या गोंगाटाच्या खालून त्याला एक बारीक आवाज आला. कुंचला पाण्यात खळबळायचा, मग डब्याच्या कडेवर दोनदा आपटायचा. टिक, टिक. मग बराच वेळ काही नाही. मग परत पाणी.

चित्रकला शिकलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. आवाज दारातून येत होता. तो उठून गेला. दारात कुणी नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेरच्या फरशीवर पाण्याचं एक ओलं वर्तुळ होतं, डबा ठेवून उचलल्यावर उमटतं तसं. चहाच्या पोऱ्यानं किटली टेकवली असेल, असं तो पुटपुटला. वर्तुळातलं पाणी किंचित लालसर होतं. त्यानं ते बुटानं पुसलं, आणि पुसल्यावर त्याला वाटलं की आपण फार वाईट काहीतरी केलं.

५

शुक्रवारी त्याचा धीर सुटला. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं नावाची नवी पट्टी छापून आणली. गुंडू सखाराम कांबळे. ठळक अक्षरं, स्वच्छ, सुंदर. जुनी पट्टी उचकटायला त्यानं नख लावलं, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे समीक्षक, रविवारचे प्रमुख पाहुणे. नाव मोठं, आवाज मऊ.

"मलकापूरकर, काय शोध लावलाय हो तुम्ही! मी फोटो पाहिले. हा माणूस म्हणजे आपल्याकडचा अस्सल दृक्प्रत्ययवादी, इम्प्रेशनिस्ट. आणि तो काळा पट्टा! मृत्यूचं प्रतीक म्हणालात, अगदी पटलं मला. मी त्यावरच बोलणार आहे." मग ते म्हणाले, "घराणं कुठलं म्हणायचं यांचं? सखाराम म्हणजे नक्की कोण?"

प्रश्न साधा होता. पाहुण्यांच्या मनात काही वाकडं होतंच असंही नाही. पण हा प्रश्न प्रसेनजीत जन्मभर ऐकत आला होता.

"शोधतोय अजून," तो म्हणाला. "हाती काही लागत नाही."

फोन ठेवून त्यानं नवी पट्टी दुमडली आणि कचऱ्यात टाकली. मग भिंतीकडं बघितलं. 'पाणवठ्या'त आता लाल रंगाचा एक कण उरला होता. बाई आहे हे माहीत असलेल्यालाच ती दिसली असती.

संध्याकाळी आक्काताईचा फोन आला. "रविवारच्याला येते बघ मी. धा वाजताची गाडी धरते."

"आत्या, ऊन किती आहे. कशाला दगदग करतेस? गर्दीत तुला काही नीट बघायला मिळायचं नाही. मी मागनं स्वतः गाडी घेऊन येतो, निवांत दाखवतो."

 पलीकडं स्टँडवरचा कर्णा कुठलीशी गाडी पुकारत होता. मग ती म्हणाली, "बरं." त्या एका शब्दानं त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यालाच किळस आली.

६

रविवारी गर्दी चांगली जमली. समई पेटवली, अत्तर लावलं, पेढे फिरले. समीक्षक बोलायला उभे राहिले. पॅरिस झालं, प्रकाश झाला, मृत्यूचा काळा स्तंभ झाला. लोक माना हलवत होते. प्रसेनजीत 'पाणवठ्या'शेजारी नव्या खादीच्या कुडत्यात उभा होता आणि चित्राकडं बघत नव्हता. हॉल त्याला एवढा लांब दिसत होता की दाराशी उभी असलेली माणसं अंगठ्याएवढी वाटत होती.

त्या दारात आक्काताई उभी होती.

पांढरं लुगडं, निळा काठ. जयंतीला नेसायची तेच. ज्याला कळतं त्याला एका नजरेत सगळं कळलं असतं. चपला तिनं बाहेर काढल्या होत्या आणि उंबऱ्याच्या अलीकडं यायची वाट बघत ती उभी होती, कारण तिला कुणी या म्हटलं नव्हतं. तिची नजर भिंतीवर फिरत होती. अक्षर लावून लावून तिनं वाचलं, ओठ हलताना त्याला इतक्या लांबूनही दिसले. वाचून झाल्यावर तिनं ते परत एकदा पहिल्यापासून वाचलं.

राजनंदिनी त्याच्या कानाशी आली. "त्या आजी कोण रे? तुझ्याकडं बघायला लागल्यात. आत बोलव की त्यांना."

एवढी सोपी गोष्ट होती. तिनं तर बोलावच म्हटलं होतं.

"माहीत नाही," प्रसेनजीत म्हणाला. "वाट चुकून आल्या असतील."

आक्काताईचा चेहरा बदलला नाही. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पण तिच्या पायांशी, उंबऱ्याच्या बाहेर, अंधुक काहीतरी हललं आणि प्रसेनजीतला तिथं बसलेलं माणूस दिसलं. मांडीवर कागद लावलेली पाटी, शेजारी डबा. तोंड दिसत नव्हतं, डोक्याला गुंडाळलेला पंचा दिसत होता. त्यानं कुंचला हातात उभा धरून हात पुढं ताणला होता. चित्रकार एक डोळा मिटून समोरच्याची उंची मोजताना धरतात तसा. मोजत होता तो प्रसेनजीतला.

कुंचल्याच्या टोकाशी डोकं, अंगठ्याशी पाय. प्रसेनजीत बघत राहिला. अंगठा दांडीवरून सावकाश वर सरकू लागला. अजून वर. अजून थोडा वर.

मग बसलेल्यानं मान खाली घातली आणि काढायला सुरुवात केली. टिक, टिक, डब्याच्या कडेवर.

७

तो पळत सुटला. निदान पाय तरी पळत होते. माणसांच्या पाठी, पेढ्यांचं तबक, समई, परत पाठी. "आत्या" अशी हाक त्यानं मारली, पण समीक्षकांच्या भाषणात खंड पडला नाही, कुणी वळून बघितलं नाही. दाराशी पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता. उंबऱ्याबाहेर कुणी नव्हतं. फरशी ओली होती, एवढंच.

रस्त्यावर अजून चांगला उजेड होता. रिक्षा थांब्याजवळ आक्काताई पिशवी छातीशी धरून उभी होती, स्टँडवर जायला रिक्षा बघत होती. रिक्षावाले रिक्षांना टेकून गप्पा छाटत होते.

"आत्या!"

तिनं आवाजाच्या दिशेनं मान फिरवली. कपाळावर हात आडवा धरला. डोळे बारीक करून, पल्याडच्या बांधावर उभं असलेलं माणूस ओळखायला बघावं, तशी ती बघत राहिली. तो तिच्या पुढ्यात उभा होता. तिच्या लुगड्याला कापराचा वास येत होता तोसुद्धा त्याला येत होता.

"आत्या, चुकलं माझं. चल आत. मी सगळ्यांसमोर सांगतो, आत्ताच्या आत्ता सांगतो. आजोबांचं नाव लावतो."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्यानं तिचे पाय धरले असते. तिथं होती ती नुसती अनोळखी माणसाला दाखवायची माया.

"कोन म्हनायचं पावणं?" तिनं विचारलं. "कुनाचं तुम्ही?"

त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. सुरकुतलेला, गरम हात. आणि रस्त्याच्या मधोमध, आयुष्यात पहिल्यांदा, तो छाती फुटेस्तोवर ओरडला, "मी प्रसेनजीत गौतम कांबळे! गुंडू सखाराम कांबळ्यांचा नातू!"

रिक्षावाल्यांपैकी कुणी मान वर केली नाही.

आक्काताईनं मोकळा हात कानामागं नेला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "वाईच मोठ्यानं बोला की पावणं. लई लांब हायसा."